यात देव कुठाय? : सुर्बारानची धार्मिक चित्रं कशी बघायची

सुट्टीत आत्याकडे गेले होते, तेव्हा तिला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. मागे गडद काळोख. पुढे करड्या रंगाची फळी आणि तिच्यावर कुशीवर पडलेलं एक कोकरू. चारही पाय एकत्र घेऊन दोरीने बांधलेले. लोकर दाट, मळकट, जागोजागी गुंतलेली. आत्याने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कोकराच्या डोळ्यांपाशी थांबली आणि म्हणाली, "जिवंत आहे गं हे अजून. कुणी बांधलंय याला?"

मी म्हटलं, हे धार्मिक चित्र आहे. सतराव्या शतकातल्या एका स्पॅनिश चित्रकाराने काढलेलं. तिने पुन्हा एकदा नीट पाहिलं. "यात देव कुठाय?"

युरोपातल्या संग्रहालयात या चित्रासमोर उभ्या राहिलेल्या अनेकांच्या मनात हाच प्रश्न येत असणार. देवदूत नाहीत, ढग नाहीत, डोक्यामागे तेजोवलय नाही. तरीही जाणकार याला स्पेनमधल्या सर्वांत खोल धार्मिक चित्रांपैकी एक मानतात. असं का, ते आत्याला समजेल अशा शब्दांत सांगावं म्हणून हा लेख.

चित्रकाराचं नाव फ्रान्सिस्को दे सुर्बारान. माद्रिदचे लोक 'थुर्बारान' म्हणतील, पण ज्या सेव्हिल शहरात त्याचं नाव झालं तिथे 'स'च म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. आकार अगदी लहान: उंची साधारण ३७ सेंटिमीटर, रुंदी ६२. स्वयंपाकघरातल्या मोठ्या ट्रेएवढं.

कोकरू म्हणजे कोण?

आधी सोपं उत्तर. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणात कोकराचा बळी देत. पुढे ख्रिस्ती शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून त्याला 'देवाचं कोकरू' म्हणतो: सगळ्यांच्या पापासाठी ज्याचा बळी जाणार आहे तो. लॅटिनमध्ये 'आग्नुस देई'. हे शब्द आजही प्रत्येक मिस्सेत उच्चारले जातात. वसईतल्या चर्चमध्ये मराठी मिस्सेला बसलेल्या कुणालाही हे कोकरू कोण ते सांगावं लागणार नाही. सतराव्या शतकातल्या सेव्हिलच्या माणसालाही सांगावं लागत नव्हतं.

सुर्बारानने हे कोकरू एकदाच काढलं नाही, त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. अमेरिकेत सान दिएगोला जी आहे तिच्यात कोकराच्या डोक्याभोवती पुसट वलय आहे आणि खाली लॅटिन शब्द आहेत, 'कोकरासारखा' अशा अर्थाचे. प्रादोतल्या चित्रात यातलं काहीच नाही. फक्त जनावर, दोरी, फळी आणि उजेड.

पालोमिनो नावाच्या अठराव्या शतकातल्या चरित्रकाराने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सेव्हिलमधल्या एका रसिकाकडे सुर्बारानने काढलेलं असं एक कोकरू होतं आणि तो म्हणे, शंभर जिवंत मेंढ्यांपेक्षा मला हे अधिक मोलाचं आहे. लोकरीच्या व्यापारावर जगणाऱ्या देशात शंभर मेंढ्या म्हणजे काय, ते धनगराला विचारावं.

पण यातून अर्धाच उलगडा होतो. येशूचं चित्र काढायचं तर येशूच का नाही काढला? आणि कोकरू काढायचं तर त्याची दोरी, त्याची मळकी लोकर इतक्या काळजीने का काढली?

चित्रांवरून झालेलं भांडण

१५१७ पासून जर्मनीत मार्टिन लूथरच्या निमित्ताने ख्रिस्ती धर्मात फूट पडली. नव्या पंथांपैकी काहींचं म्हणणं होतं की चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं ही मूर्तिपूजा आहे, काढून टाका. १५६६ साली नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमध्ये घुसून चित्रं फाडली, पुतळे फोडले.

सगुण-निर्गुणाचा वाद अभंगांतून ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे भांडण परकं वाटायचं कारण नाही. देव डोळ्यांना दिसावा की नाही, हाच मुद्दा.

कॅथलिक चर्चने आपली बाजू ट्रेंट या गावी भरवलेल्या धर्मसभेत मांडली. ती सभा १५४५ ते १५६३ अशी अधूनमधून चालली आणि अगदी शेवटी, १५६३ च्या डिसेंबरात, चित्रांबद्दलचा ठराव झाला. त्याचा सारांश असा: चित्रं राहतील. चित्रात स्वतःची काही दैवी शक्ती नाही, आपण मान देतो तो चित्रात ज्याला दाखवलंय त्याला. पण चित्राने सामान्य माणसाला शिकवलं पाहिजे, त्याच्या मनाला हात घातला पाहिजे, आणि त्यात खोटं किंवा उत्तान काही असता कामा नये.

या साऱ्या खटाटोपाला इतिहासात 'प्रतिसुधारणा' म्हणतात, आणि तिच्यासोबत जी नाट्यमय, भावनेला थेट भिडणारी कला वाढली तिला 'बरोक'. हे दोन शब्द इथे समजून घेतले की पुढे त्यांची फार गरज नाही.

आपल्या किनाऱ्यावरही याच लाटेचं पाणी आलं होतं. १६१६ साली गोव्यात राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालची गादीही स्पेनच्या राजाकडे होती. म्हणजे राशोलला ओव्या छापल्या जात होत्या आणि सेव्हिलला अठरा वर्षांचा सुर्बारान रंग घोटायला शिकत होता, तेव्हा दोन्ही गावं एकाच राजाच्या अमलाखाली होती. एकाने ती कथा लोकांच्या भाषेत नेली. दुसरा पुढे तीच कथा लोकांच्या घरातल्या वस्तूंमध्ये नेणार होता.

दुकानदाराचा मुलगा आणि मठांचं शहर

सुर्बारान १५९८ साली एक्स्त्रेमादुरा या कोरड्या, मेंढपाळांच्या प्रदेशात फुएन्ते दे कान्तोस नावाच्या गावात जन्मला. वडील कापड आणि शिवणकामाचं सामान विकणारे दुकानदार. ही गोष्ट लक्षात ठेवा. १६१४ मध्ये तो सेव्हिलला एका चित्रकाराकडे तीन वर्षं उमेदवारीला राहिला, मग परत जाऊन येरेना गावात त्याने संसार थाटला.

सेव्हिल तेव्हा स्पेनचं सर्वांत गजबजलेलं बंदर. अमेरिकेशी होणारा सगळा व्यापार कायद्याने याच शहरातून चाले, चांदीची जहाजं इथेच लागत. पैसा आला तसे मठ वाढले: डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, कार्थुसियन, मर्सिडेरियन. प्रत्येकाचा झगा वेगळा, संस्थापक संत वेगळा, आणि आपल्या संताची कथा भिंतीभर लावायची हौस सगळ्यांची सारखी.

१६२६ मध्ये सान पाब्लो या डोमिनिकन मठाने या बाहेरगावच्या चित्रकाराशी करार केला. आठ महिन्यांत २१ चित्रं, मोबदला ४,००० रेआल. हिशोब केला तर बारा दिवसांत एक मोठं चित्र पडतं. धार्मिक चित्रकार म्हटलं की डोळे मिटून ध्यानाला बसलेला कुणी तपस्वी डोळ्यांपुढे येतो. खरं दृश्य असं होतं: मदतनीस हाताशी घेऊन, तारखा पाळत, गिऱ्हाइकाने सांगितलेले विषय रंगवणारा कष्टाळू कारागीर. यात मला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे मूर्ती घडवणाऱ्यांनीही वर्षानुवर्षं असंच काम केलंय आणि म्हणून त्यांच्या मूर्तीपुढे कुणाचे हात जोडायचे राहिले नाहीत.

जाळीमागचा ख्रिस्त

याच मठासाठी १६२७ मध्ये त्याने क्रुसावरचा ख्रिस्त रंगवला. तो आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. उंची जवळपास २ मीटर ९० सेंटिमीटर, म्हणजे देह पुऱ्या माणसाएवढा. मागे संपूर्ण काळोख. ना टेकडी, ना रडणारी आई, ना शिपाई. एका बाजूने येणारा उजेड देहावर आणि कमरेच्या पांढऱ्या वस्त्रावर पडलेला. क्रुसाच्या पायथ्याशी कागदाचा एक चिटोरा टाचलेला दिसतो, त्यावर सही आणि साल. कागदही रंगवलेलाच.

हे चित्र मठातल्या एका लहानशा प्रार्थनागृहात होतं आणि बाहेरून जाळीतून ते दिसे. पालोमिनो सांगतो, ज्यांना ठाऊक नसे ते सगळे त्याला पुतळाच समजत.

का समजत असतील, हे कळायला गाभारा आठवा. विजेचे दिवे नसलेला, जुन्या देवळातला. बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी काहीच दिसत नाही. मग समईच्या उजेडात नाक, गाल, हाताची कड असं एकेक उमटत जातं. मूर्ती काळोखातून आपल्याकडे येते. सुर्बारानने हेच सपाट कापडावर केलं. गडद काळोखाशेजारी तीव्र उजेड ठेवण्याची ही रीत इटलीत काराव्हाज्यो या चित्रकाराने गाजवली होती. तो १६१० मध्येच वारला आणि सुर्बारान इटलीला कधी गेला नाही, पण रीत तोवर स्पेनपर्यंत पोचली होती.

दुसरं कारण सेव्हिलचंच. तिथे रंगवलेल्या लाकडी मूर्तींची मोठी परंपरा होती. शिल्पकार लाकूड कोरी, चित्रकार त्याला कातडीचा रंग देई, आणि पवित्र आठवड्यात त्या मूर्ती खांद्यावरून रस्त्याने निघत. आजही निघतात. ज्या डोळ्यांना अशा मूर्ती बघायची सवय होती त्यांना काळोखातला हा देह लाकडाचा वाटला यात नवल नाही.

पांढरा किती पांढरा?

आता त्या कमरेच्या वस्त्राकडे येऊ. सुर्बारानच्या चित्रांत मी सर्वांत जास्त वेळ कुठे रेंगाळते तर पांढऱ्या कापडापाशी.

शाळेत असताना ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर कापड टाकायचं, त्यावर एखादा घडा, दोन फळं. मी पहिल्यांदा पांढरं कापड रंगवायला घेतलं तेव्हा कागद कोराच सोडला होता. पांढऱ्यावर पांढरं काय काढणार! आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "कापड काढू नकोस, त्याच्यावरच्या सावल्या काढ." ते वाक्य मला सुर्बारानपुढे उभी राहिल्यावर समजलं.

त्याचा पांढरा म्हणजे शिशापासून बनवलेला सफेदा. पण नुसता सफेदा फासला तर चुन्याची भिंत होते. सेव्हिलचे चित्रकार कापडावर आधी तपकिरी मातीचा थर देत, नदीकाठची माती जवसाच्या तेलात घोटून. म्हणजे सुरुवात काळोखातूनच. नुकताच पुसलेला काळा फळा आणि त्यावरची खडूची रेघ आठवा: तोच खडू पिवळ्या भिंतीवर निस्तेज दिसतो. गडद थरावर सफेदा चढत जातो. चुणीच्या माथ्यावर जाड आणि स्वच्छ, उतारावर करडा, खोबणीत मातकट किंवा निळसर. डोळा मात्र हे सगळं मिळून 'पांढरं' असंच वाचतो.

आणि हे पांढरं प्रत्येक वेळी वेगळं आहे. दुकानात वाढलेल्या पोराला मांजरपाट, मलमल आणि लोकर यांची घडी वेगवेगळी पडते हे बोटांनी माहीत असतं. ख्रिस्ताच्या कमरेचं कापड पातळ आहे, त्याच्या चुण्या धारदार मोडतात. साधूंचे झगे जाड लोकरीचे, त्यांच्या घड्या गोल, जड, जमिनीकडे ओढलेल्या. सुती आणि लोकरी यांतला फरक हात न लावता कळतो.

रक्त कुठे आहे?

१६२८ मध्ये सेव्हिलच्याच मर्सिडेरियन मठाने त्याला त्यांच्या संस्थापकाच्या जीवनावर २२ चित्रांची मागणी दिली. ख्रिस्ती कैद्यांना पैसे भरून सोडवून आणणं हे या पंथाचं काम. तीन नेहमीच्या व्रतांखेरीज त्यांचं चौथं व्रत असे: गरज पडली तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं.

त्याच वर्षी त्याने या पंथातल्या सेरापिओनचं चित्र काढलं. हा साधू तेराव्या शतकात, १२४० मध्ये, छळ होऊन मेला. कुठे आणि कुणाच्या हातून याच्या कथा वेगवेगळ्या आहेत, पण सगळ्याच भयंकर आहेत. दुसरा चित्रकार असता तर आतडी आणि रक्त दाखवलं असतं. त्या काळात तसं दाखवायची रीत होती.

सुर्बारानच्या चित्रात रक्ताचा थेंब नाही. मनगटं दोरांनी वर बांधलेली, मान खांद्यावर कलंडलेली, ओठ किंचित उघडे. आणि बाकी सारं चित्र म्हणजे एक भलामोठा पांढरा झगा, गळ्यापासून खालच्या कडेपर्यंत. जे घडलं ते त्या झग्याच्या आत आहे. आपल्याला दिसतं ते वजन: देहाने आता स्वतःला सावरणं सोडून दिलंय हे त्या लोंबत्या घड्यांतून कळतं. बाजूला टाचलेल्या कागदावर फक्त नाव.

हे चित्र कुठे लावलं होतं ते कळलं की अंगावर काटा येतो. मठातला कुणी वारला की पुरण्याआधी त्याला ज्या दालनात ठेवत, तिथे. म्हणजे चित्रासमोर कोण उभं असे? तोच पांढरा झगा घातलेले साधू. आणि त्यांच्यामध्ये, त्याच झग्यात, त्यांचा मेलेला सोबती. चित्रातल्या लोकरीचा पोत त्यांच्या स्वतःच्या बाहीचा पोत होता. वर बघावं तर सेरापिओन, खाली बघावं तर आपलीच बाही. उद्या ओलीस राहायची पाळी आली तर हा झगा आपल्यालाही तिथवर नेईल, हे सांगायला शब्द लागत नव्हते.

माझ्या मते सुर्बारानचं मर्म इथे आहे. तो प्रसंग काढत नाही, प्रसंगातली अशी वस्तू काढतो जी बघणाऱ्याच्या अंगावर किंवा घरात आहे. आणि ती इतकी खरी काढतो की न दाखवलेला प्रसंगही खरा मानावा लागतो.

हे चित्र आता अमेरिकेत हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे. ज्या मठासाठी ते काढलं त्याची इमारत मात्र सेव्हिलमध्ये उभी आहे आणि आज तेच शहराचं कलासंग्रहालय आहे.

टेबलावरचा पेला, परसातला काटा

त्याच संग्रहालयात उपासाचं एक चित्र आहे. कथा अशी: कार्थुसियन साधू मांस खात नाहीत. एकदा ग्रनोब्लचे बिशप ह्यूगो यांनी मोठ्या उपासकाळाच्या आधीच्या रविवारी त्यांना मांस पाठवलं. खावं की खाऊ नये यावर साधू वाद घालत बसले आणि बसल्या जागी झोपी गेले. सगळा उपासकाळ झोपेत सरला. बिशप स्वतः आले तेव्हा साधू जागे होत होते आणि ताटातलं मांस राख होत होतं.

चमत्काराची गोष्ट, पण चित्रात चमत्कार दिसतच नाही. पांढऱ्या झग्यांतले साधू एका रांगेत बसलेत, वाकलेले वृद्ध बिशप काठी टेकत आलेत. पुढे पांढऱ्या चादरीचं लांब टेबल, त्यावर पाव, सुऱ्या, निळ्या नक्षीचे मातीचे चंबू. कुणी बोलत नाही. पावांवर पडलेला उजेड आणि साधूंच्या चेहऱ्यांवरचा उजेड एकाच जातीचा आहे. घरात कुणी कडक उपास धरला असेल त्या दिवशीची स्वयंपाकघरातली शांतता ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र लगेच कळेल.

क्लीव्हलंडमध्ये आणखी एक आहे, नाझरेथच्या घरातलं. मुलगा येशू काट्यांचा मुकुट विणतोय आणि त्याच्या बोटाला काटा लागलाय. शेजारी आई मांडीवर शिवण घेऊन बसली आहे. तिचे हात थांबलेत, गाल हातावर टेकलाय, डोळ्यांत पाणी. पोराला काटा टोचला एवढंच तर झालं. पण पुढे काय होणार आहे ते तिला कळलंय. भोवती टेबलावर पेअर, पुस्तकं, फुलं, जमिनीवर पारवे, पाण्याचं मातीचं भांडं. ज्याला पुढची कथा माहीत नाही त्यालाही आईचा चेहरा वाचता येतो.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत चांदीच्या ताटलीत ठेवलेला पाण्याचा पेला आणि कडेला एक गुलाब असं वहीच्या मोठ्या पानाएवढं चित्र आहे. त्याला धार्मिक म्हणायचं की नाही यावर मतं आहेत. पाणी आणि गुलाब ही मरियेच्या निर्मळपणाची खूण मानत, म्हणून काहींच्या मते तेही प्रार्थनाच आहे. मला त्या वादात फारसा रस नाही. ज्या नजरेने पेला काढलाय तीच नजर ख्रिस्ताकडे वळलेली आहे, एवढं दिसतं.

पण हा तर धर्माचा प्रचार झाला

झालाच. हे लपवून चालणार नाही. चित्रं मागणारे मठ श्रीमंत होते, विषय ते ठरवत, आणि चित्रांत धर्माविरुद्ध काही नाही ना हे बघायला धर्मन्यायसभेचा निरीक्षक असे. सेव्हिलमध्ये काही काळ ते काम फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडेच होतं. क्रुसावर खिळे तीन की चार, यावर त्याने चारच्या बाजूने हिरिरीने लिहिलंय. सुर्बारानच्या १६२७ च्या ख्रिस्ताला चार खिळे आहेत. याच स्पेनने १६०९ ते १६१४ या वर्षांत मुसलमान पूर्वजांच्या लाखो लोकांना, बाप्तिस्मा घेतलेला असूनही, देशाबाहेर काढलं. त्याच्या काही चित्रांत मुसलमान शत्रू म्हणूनच येतात. ती बघताना मन जड होतं आणि व्हायलाही हवं.

तरीही ज्या चित्रांबद्दल मी लिहितेय त्यांत कुणाचा द्वेष नाही. सेरापिओनचे मारेकरी चित्रात नाहीत. कोकरू बांधणारे हातही नाहीत. प्रचाराला शत्रू दिसावा लागतो. इथे फक्त सोसणारा दिसतो.

आणि ही तर सगळी सारखीच दिसतात

हा आक्षेप जास्त खरा आहे. सुर्बारानला घोळके जमत नाहीत. त्याच्या गर्दीच्या चित्रांत माणसं कापून चिकटवल्यासारखी वाटतात, जमीन आणि भिंत यांचा मेळ बसत नाही. मांडणी तो पुष्कळदा जर्मन किंवा फ्लेमिश छापील चित्रांवरून उचलतो. वर ढगांत गोबरी देवदूत-बाळं आली की चित्राचा ताणच जातो. १६३४ मध्ये त्याला माद्रिदला बोलावून राजवाड्यासाठी हर्क्युलीसच्या पराक्रमांची दहा चित्रं करायला दिली. ती धडपडीची, अवघडलेली आहेत. पराक्रम हा त्याचा विषयच नव्हता.

शिवाय त्याचा कारखाना होता. अमेरिकेतल्या वसाहतींसाठी, विशेषतः लिमाकडे, संतांच्या अख्ख्या मालिका जहाजांतून जात. त्यातल्या बऱ्याच चित्रांवर मदतनिसांचाच हात जास्त चाललेला आहे. म्हणून 'सुर्बारान' अशी पाटी दिसली की लगेच भारावून जाऊ नये. कापडाकडे बघावं. घडीत वजन आहे का, की नुसत्या रेघा आहेत? बहुतेक वेळा तिथे कळतं.

त्याच्या संत स्त्रियांचं मात्र वेगळं. रेशमी, जरीचे घागरे घालून त्या एकेकट्या चालत जाताना थबकून आपल्याकडे बघतात. संत आगाथाच्या हातात ताटली आहे आणि त्यात तिचे कापलेले स्तन, जणू पूजेचं ताट घेऊन निघाली आहे. चेहऱ्यावर दुःखाची रेघ नाही. पहिल्यांदा बघितल्यावर मी मान वळवली होती. दुसऱ्यांदा कळलं की ती माझ्याकडून दया मागत नाहीये.

मठातून संग्रहालयात

यातली थोडीच चित्रं मूळ जागी आहेत. ग्वादालुपेच्या मठात आहेत, ती तिथेच बघण्यात खरी मजा. बाकीची विखुरली. नेपोलियनच्या सैन्याबरोबर आलेल्या मार्शल सूल्तने सेव्हिलमधून चित्रं लुटून नेली. १८३५ नंतर स्पेनच्या सरकारनेच मठ बंद करून त्यांची मालमत्ता विकायला काढली. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याने १८३८ मध्ये लूव्हरमध्ये स्पॅनिश चित्रांचं दालन उघडलं आणि पॅरिसला सुर्बारान पहिल्यांदा इतक्या संख्येने दिसला. १८५३ मध्ये तो संग्रह लंडनमध्ये विकला गेला. ध्यानस्थ संत फ्रान्सिसचं चित्र तेव्हाच नॅशनल गॅलरीने घेतलं: जाडाभरडा झगा, टोपीच्या सावलीत बुडालेला चेहरा, हातात कवटी.

इंग्लंडच्या उत्तरेला बिशप ऑकलंड इथली गोष्ट मला फार आवडते. बायबलमधला याकोब आणि त्याची बारा मुलं यांची १३ चित्रांची मालिका. १७५६ मध्ये बिशप रिचर्ड ट्रेव्हर यांनी त्यातली १२ विकत घेतली आणि आपल्या जेवणघरात लावली. ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत अशा मताचे ते होते. त्यासाठीचा कायदा १७५३ मध्ये झाला आणि लोकांच्या विरोधामुळे लगेच मागेही घेतला गेला. त्यानंतर त्यांनी इस्राएलच्या बारा वंशांच्या या मूळपुरुषांना जेवणघरात जागा दिली, म्हणजे जेवायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांच्यासमोर बसावं लागे. ज्या स्पेनने ज्यूंना हाकललं तिथल्याच कारागिराच्या हातची ही चित्रं.

काळोखातला चित्रकार

१६४९ मध्ये सेव्हिलला प्लेगने गाठलं. शहरातली सुमारे निम्मी माणसं गेली. सुर्बारानचा मुलगा हुआन, स्वतः उत्तम स्थिरचित्रं काढणारा, त्याच साथीत गेला. मठांकडे पैसा उरला नव्हता आणि लोकांना आता मुरिय्यो या तरुण चित्रकाराची मऊ, गोड चित्रं आवडत होती. १६५८ मध्ये साठीचा सुर्बारान माद्रिदला गेला. जुना मित्र, राजाचा चित्रकार व्हेलास्केस याला सरदारकीचा मान मिळावा म्हणून त्याने साक्ष दिली. १६६४ मध्ये तो तिथेच वारला.

प्रादोमध्ये कोकराखेरीज त्याचं आणखी एक चित्र आहे, साधारण १६५० चं. क्रुसावर ख्रिस्त, मागे नेहमीचा काळोख. आणि क्रुसाच्या पायथ्याशी एक वृद्ध चित्रकार. एका हातात रंगांची पाटी, दुसरा हात छातीशी, मान वर. काही म्हणतात हा संत लूक, चित्रकारांचा संत. काही म्हणतात हा सुर्बारानच.

परत निघण्याआधी आत्याला तेही दाखवलं. या वेळी तिने चित्र मोठं केलं नाही. चष्मा सारखा करत बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याच्यापुढे खरा देव आहे, का यानेच आत्ता रंगवून संपवलाय?"

अभ्यासकही त्या चित्रापुढे हेच विचारत आले आहेत.